दह्याविना कोशिंबीर

आमच्या घरात भांडण कांद्या-लसणावरून कधी झालं नाही, ते दह्यावरून झालं. मुलगी बेंगळुरूहून सुट्टीला आली आणि पहिल्याच जेवणात तिनं कोशिंबिरीची वाटी बाजूला सरकवली. म्हणाली, "आई, मी दूध-दही सोडलंय." सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांचं वय चौर्‍याऐंशी. नातीसाठी त्यांनी सकाळी स्वतःच्या हातानं काकडी चोचवली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त वाटी उचलून आत नेली. मग चार दिवस आजी-नात एका पंगतीला बसल्या नाहीत. आजीचं म्हणणं, "पिढ्यान्‌पिढ्या अहिंसा पाळणार्‍या घरात ही मला अहिंसा शिकवणार!" नातीचं म्हणणं, "आजीला गोठा आठवतो, मला डेअरी दिसते." दोघींचंही खरं होतं. 1970 साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं. पुढे दूध पिशवीतून घरी यायला लागलं आणि त्यामागची गाय नजरेआड झाली. सासूबाई कारंज्याच्या. त्यांच्या माहेरच्या गोठ्यातली गाय नावानं हाक मारली की मान वळवायची.

मी मधल्यामध्ये. दुकानातून एक 'व्हीगन ड्रेसिंग'ची बाटली आणली. घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर पहिला घटक तेल आणि चौथा लसूण! ती बाटली शेजारी देऊन टाकली. पण डोक्यात एक प्रश्न राहिला. दही नाही, तेल नाही, लोणी नाही, तरी जिभेला मऊसर लागेल असं काही आपल्या बायका करत असतील ना? इतकी व्रतं पाळणार्‍या समाजात हा प्रश्न पहिल्यांदा माझ्याच स्वयंपाकघरात आला असेल, हे मला पटेना.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आम्ही माधवनगरात राहतो, म्हणजे फ्रीगंजमध्ये. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाची ही वस्ती. पण जुन्या उज्जैनला खाराकुव्यावर जा, तिथं श्रीपाल आणि मैनासुंदरीची आठवण आजही जिवंत आहे. कथा आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. उज्जैनच्या राजाची मुलगी मैना म्हणते की सुखदुःख आपापल्या कर्मानं मिळतं. बाप चिडतो आणि तिचं लग्न कुष्ठरोगी श्रीपालशी लावून देतो. मग सिद्धचक्राची आराधना होते आणि श्रीपालासकट सातशे रोगी बरे होतात. आपण दिगंबर ती अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधानाबरोबर ऐकतो. श्वेतांबरांकडे तीच कथा नवपद ओळीला जोडलेली आहे. चैत्रात आणि आश्विनात, शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस आयंबिल करायचं. रत्नशेखरसूरींनी ही कथा प्राकृतात 1372 साली लिहिली. पुढे विक्रम संवत 1738 मध्ये सुरतेजवळच्या रांदेरला विनयविजयांनी गुजरातीत तिचा रास रचायला घेतला. तो अर्धा असतानाच ते गेले आणि यशोविजयांनी तो पुरा केला. उज्जैनची कथा अशी गुजरातेतून फिरून पुन्हा उज्जैनच्या ओळीत वाचली जाते.

आता आयंबिलचं ताट बघा. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहा 'विगई' वर्ज्य. हिरवी भाजी नाही, फळ नाही. दिवसातून एकदाच, धान्य आणि डाळी शिजवून खायच्या. मीठ, मिरे, सुंठ, हिंग एवढाच मसाला. आयंबिल हा शब्दच 'आचाम्ल' वरून आला असं सांगतात. आचाम म्हणजे भाताचं पेजपाणी, अम्ल म्हणजे आंबट. थोडक्यात पेज! आमच्या शेजारच्या काकी दर वर्षी ओळी करतात. त्यांनी मला एकदा मूगडाळ घोटून दाखवली होती. सालं काढलेली पिवळी डाळ मऊ शिजवायची, रवीनं इतकी घोटायची की चमच्यावरून पट्टीसारखी खाली उतरावी. वर मिरपूड, सुंठ, हिंग. तेलाचा थेंब नाही आणि जिभेला मात्र साईसारखी. मुगात तेल असतं जेमतेम शेकड्याला एक भाग. हा सगळा मऊपणा पिठुळपणाचा आणि प्रथिनांचा.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण हल्ली भाषणांतून 'आपले पूर्वज आधीपासूनच व्हीगन होते' असं सर्रास ऐकू येतं. तसं नव्हतं. 'व्हीगन' हा शब्द 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला, तो जनावराला होणार्‍या त्रासाच्या विचारातून. आपल्या शास्त्रात दूध 'विगई' आहे ते विकार वाढवतं म्हणून, जिभेवर ताबा राहावा म्हणून. म्हणून तर त्याच यादीत तेल आणि गूळही आहेत, त्यांत कुठलं जनावर आलं? मध आणि लोणी यांना मात्र महाविगई म्हणून मद्य-मांसाच्या पंक्तीला बसवलं आहे. दिगंबरांकडे तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपांत 'रसपरित्याग' सांगितला, त्याचाही रोख जिभेवर. कारणं दोन आणि वेगळी. ती एका ताटात येऊन भेटली, इतकंच. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आजीचं आणि माझं भांडण नाहीच की."

भांडण होतंच. पण त्याच आठवड्यात शुक्रवार आला.

आमच्याकडे सासूबाई वार पाळतात. रविवारी मीठ नाही, मंगळवारी गोड नाही, बुधवारी तूप नाही, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल नाही. मुलीनं दारातूनच विचारलं, "आजी, शुक्रवारी तुझं दही बंद असतं ना? मग इतकी वर्षं शुक्रवारी तू कोशिंबीर कशाची खायचीस?"

सासूबाईंनी वर पाहिलं. म्हणाल्या, "दाण्याच्या दुधाची."

तीस वर्षं मी या घरात आहे, मला हे माहीत नव्हतं! त्यांच्या सासूबाई करायच्या म्हणे, पाट्यावर. मिक्सर आल्यावर माझ्या हातात स्वयंपाक आला आणि ते मागे पडलं. शुक्रवारी काकडी नुसती मीठ-लिंबू लावून वाढायची, असंच मी धरून चालले होते. त्यांनीही कधी मागितलं नाही. व्रतात मागायचं नसतं.

आता दाणे किती जुने? मैनासुंदरीची कथा लिहिली गेली तेव्हा आपल्याकडे शेंगदाणा नव्हताच. तो दक्षिण अमेरिकेतला. काजू आणि मिरचीही समुद्रापलीकडची, ती पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी वाटणाला दाटपणा यायचा तो तीळ, खोबरं आणि डाळींचा. 'तेल' हा शब्दच 'तिल' पासून झाला. माळव्यात खोबरं महाग, खसखस मात्र हाताशी, कारण मंदसौर-नीमच हा अफूचा मुलूख. पण खसखस आपल्याला बहुबीज म्हणून चालत नाही. म्हणजे सगळा माळवा ज्यानं रस्सा दाट करतो तेच जैन घरात बंद. माझ्या मते म्हणूनच दाण्याला आपल्या घरात एवढी जागा मिळाली. कंदमुळं वर्ज्य, मग दाणा कसा चालतो, असं विचारणारी एक तरी पाहुणी असतेच. दाणा मूळ नव्हेच. फूल जमिनीच्या वर येतं, ते फळलं की त्याचा देठ खाली वाकून मातीत शिरतो आणि तिथं शेंग धरते. ती शेंगच आहे, कंद नाही.

दुसरं कारण द्विदलाचं. कच्च्या दह्यात डाळ मिसळायची नाही हा आपला नियम, त्यामुळे भिजल्या मूगडाळीच्या कोशिंबिरीवर दही घालताच येत नाही. दाण्याच्या दुधाला ही अडचण नाही.

सासूबाईंनी सांगितलं तसं मी केलं. अर्धी वाटी कच्चे दाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, खवट वासाचे अगदी काढून टाका. गाळलेल्या पाण्यात चार-पाच तास भिजवून सालं चोळून काढा आणि दहा मिनिटं उकळा, म्हणजे कच्चा वास जातो. ते पाणी ओतून द्या. मग पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये आधी अगदी थोड्या पाण्यात गंधासारखं वाटायचं, नंतर चमचा-चमचा पाणी वाढवत अर्धी-पाऊण वाटी घालायचं. सगळं पाणी एकदम ओतलंत तर कण राहतात. मीठ, भाजल्या जिर्‍याची पूड, मिरपूड घाला. लिंबू सगळ्यात शेवटी, वाढताना. आधी पिळलं तर फाटल्यासारखं दिसतं. थोडा वेळ ठेवलं की आपोआप दाट होतं. काकडी, कोबी, टोमॅटो, कशावरही घाला. त्याच दिवशी संपवा.

मात्र याला 'तेल नाही' म्हणताना जरा जपून. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. वाटताना प्रथिनं त्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतात, म्हणून ते दुधासारखं पांढरं होतं. मेयोनीजमध्ये हेच काम अंड्याचा बलक करतो. आपण बाटलीतलं तेल घालत नाही, दाण्यातलं राहतंच. आयंबिलात म्हणूनच दाणे चालत नाहीत. तिथल्या नियमानं तेलाचं मूळही ओळखलं होतं. डॉक्टरांनी खरोखरच तेल बंद केलं असेल तर काकींची मूगडाळ घ्या. पाव वाटी डाळ शिजवून घोटून, गार करून, लिंबू पिळून. चवीला साधी आहे, पण पोटाला हलकी.

त्या शुक्रवारी दोघी एका पंगतीला बसल्या. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "पाणी जास्त झालंय." मुलीनं दुसर्‍यांदा वाढून घेतलं. दुधाचा विषय निघाला नाही. चहा अजून दोन भांड्यांत होतो आणि सासूबाईंच्या भांड्यात दूध असतं.

मुलगी गेली तेव्हा जुना पाटा माळ्यावरून खाली काढून ठेवून गेली. त्याला टाकी लावायला हवी. फ्रीगंजात पूर्वी एक टाकीवाला हाक देत यायचा, हल्ली वर्षं झाली, दिसला नाही.