दलित वाङ्मयाचा संग्रह आणि परवानगीचा प्रश्न

आपल्या चळवळीची जुनी पुस्तके संगणकावर उतरवून सर्वांना खुली करण्याचे काम आज ठिकठिकाणी चालले आहे. आमच्या वस्तीतल्या लहानशा वाचनालयातही ते सुरू आहे. जलशांच्या चोपड्या, जयंतीच्या स्मरणिका, बंद पडलेली साप्ताहिके असा हा संग्रह आहे. मोठ्या ग्रंथालयांनी ह्यातले फारसे काही कधी जपले नाही. ह्या कामात कार्यकर्ते मला हमखास विचारतात, 'हे तर समाजाचे धन. त्याला कुणाची परवानगी कशाला?' प्रश्न प्रामाणिक आहे. तरीही मला तो मान्य नाही, आणि त्याचे कारण कायद्यापेक्षा इतिहासात अधिक आहे.

आपल्या माणसांचे श्रम न विचारता घेण्याची परंपरा ह्या देशात फार जुनी आहे. मेलेले ढोर ओढायला, सरकारी निरोप पोचवायला, लाकडे फोडायला महाराला हाक मारली जाई. 'येशील का?' असे विचारण्याची पद्धत नव्हती. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले ते उगाच नव्हे. लेखणी हाती आली तेव्हा आपल्या श्रमांवर आपले नाव लागले. १९३६ साली जातपाततोडक मंडळाने लाहोरची परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वतः छापून घेतले. पंधराशे प्रती काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. आठ आणे किंमत जास्त आहे, असा शेरा गांधीजींनी मारला होता. किंमत ठरवणारा मालक अस्पृश्य आहे, ही गोष्टच त्या काळात नवी होती! हा मालकीहक्क आपणच आपल्या हाताने पुसून टाकायचा काय?

आता कायद्याकडे वळू. १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे कॉपीराइट राहत असे. रवींद्रनाथ १९४१ साली वारले, म्हणजे त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत होता. तो संपू नये म्हणून घाईने हालचाल झाली, आणि १९९२ च्या दुरुस्तीने सर्वांसाठीच मुदत साठ वर्षे झाली. त्यामुळे बाबासाहेबांचे हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २००७ ऐवजी २०१७ च्या आरंभी मोकळे झाले. मरणोत्तर छापलेल्या ग्रंथांचा हिशेब निराळा आहे. त्यांची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाच्या चौथ्या खंडात १९८७ साली आले, म्हणून कायद्याच्या शब्दांप्रमाणे त्यावरील हक्क २०४७ अखेरपर्यंत चालतो. ज्या हस्तलिखिताला उजेड दिसायला तीस वर्षे लागली, त्याच्याच वाट्याला ही लांबण यावी! शिवाय भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, हे आपण सर्रास विसरतो.

पण बाबासाहेबांचे नाव तरी सर्वांना ठाऊक आहे. खरी अडचण होते ती ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही अशा लेखकांची. आठ पानांची चोपडी, त्यावर शाहिराचे नाव, गाव आणि छापखाना एवढेच. लेखक सापडत नसेल तर रीतसर परवाना मागण्याची सोय कलम ३१-अ मध्ये आहे. मात्र अर्ज करण्याआधी देशाच्या बहुतेक भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. ज्या शाहिराने आयुष्यभर मराठीत गायिले, त्याच्या नातवंडांना इंग्रजी दैनिकातून साद घालायची! जाहिरातीच्या पैशात आमची दोन कपाटे पुस्तकांनी भरतील. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणता लेखक होता, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आम्ही पायी फिरतो. एका शाहिराच्या पत्नीला भेटायला गेलो तेव्हा म्हातारी म्हणाली, 'गाणी समद्या जयंतीला वाजत्यात, पर इचारायला आजवर कोन आलं न्हाई बाबा.' थोरल्या मुलाने लगेच सही करायची तयारी दाखवली. आम्ही थांबलो. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या वारसा कायद्याने, जो बौद्धांनाही लागू आहे, आई आणि लेकी मुलाच्या बरोबरीने वारस ठरतात. सासरी गेलेल्या दोन्ही बहिणींची संमती घ्यायला आणखी चार महिने लागले. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, हे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी तरी ह्या चार महिन्यांची कुरकुर करू नये.

परवानगीपत्र मराठीत असावे आणि ते मोठ्याने वाचून दाखवावे. त्यात मुदत आणि प्रदेश लिहायलाच हवा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मग लंडनमधल्या आपल्या माणसाला ते पुस्तक दाखवणे नियमात बसत नाही. 'सर्व हक्क दिले' असले वाक्य मी कुणाकडून लिहून घेत नाही. आम्हाला वाचायला देण्यापुरता हक्क हवा. उद्या कुणी चित्रपट काढला तर त्याचे पैसे घरच्यांना मिळोत.

ज्यांचे वारस अजून सापडले नाहीत, त्या चोपड्यांची पाने आम्ही उतरवून ठेवली आहेत. मूळ प्रत जवळ असलेल्या, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी तेवढे करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. त्या बाहेर खुल्या केलेल्या नाहीत. मूळ चोपडी वाचायची असेल त्याने वाचनालयात यावे, आणि कव्हरावरच्या गावात कुणी ओळखीचे असेल तर नोंदवहीत लिहून जावे.