वेड्यांच्या नोंदवहीतला गांजा

१/ गांजाला कायद्याने मुभा द्यावी की बंदी घालावी? २०१८ मध्ये कॅनडाने मुभा दिली आणि वादाला नवी धार आली. याच प्रश्नाची भारतात मात्र १८९३-९४ मध्येच सविस्तर चौकशी झाली होती. हा थ्रेड त्या चौकशीविषयी.

२/ मार्च १८९३. मद्यपानविरोधी चळवळीतले खासदार विल्यम केन यांनी ब्रिटिश संसदेत गांजाचा प्रश्न मांडला. त्यातून सात सदस्यांचा ‘इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन’ हा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग.

३/ त्या काळी गांजा परवान्याने विकला जाई व त्यावर कर असे. मुंबई इलाख्यात त्याची लागवड प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात होई. म्हणजे चौकशी करणाऱ्या सरकारलाच त्यातून महसूल मिळत होता, हे विसरता कामा नये.

४/ आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. ‘गांजाने वेड लागते’ हा सर्वांत गंभीर आरोप. पुरावा? वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे.

५/ आयोगाने १८९२ मधील १,३४४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग-चरस हे कारण लिहिलेले होते. ते लिहिले कोणी? पुष्कळदा डॉक्टरांनी नव्हे, तर रुग्णाला पाठवणाऱ्या पोलिसांनी वा मॅजिस्ट्रेटने. रकाना भरणे भाग होते आणि ‘गांजा’ हे सोयीचे उत्तर होते.

६/ एकेक प्रकरण पुन्हा तपासल्यावर २२२ चे ९८ उरले. प्रमाण मानलेला आकडा निम्म्याहून खाली आला.

७/ निष्कर्ष : माफक सेवनाने सहसा अपाय नाही, अतिसेवन घातक. शिफारस : सरसकट बंदी नको, लागवडीवर नियंत्रण, पुरेसा कर आणि मोजकी दुकाने असावीत. दोन भारतीय सदस्यांनी मात्र भिन्न मत नोंदवले.

८/ पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा आला. पण शेंड्यांविना असलेली पाने व्याख्येबाहेर राहिली. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातही तेच सूत्र आहे. म्हणून गांजा बाळगणे गुन्हा, तर भांग राज्यांच्या अखत्यारीत.

९/ १८९४ चा अहवाल आजचा वाद मिटवू शकत नाही. आजचा गांजा अधिक तीव्र आहे, वैद्यकशास्त्रही पुढे गेले आहे. पण त्याने घालून दिलेली शिस्त दोन्ही पक्षांना लागू पडते : आकडा पुढे करण्याआधी विचारा, हा रकाना भरला कोणी?