सुंदरबन ते फलटण : एका जनुकाचा प्रवास

न्यू टाउनच्या काचेरी इमारती मागे टाकून दक्षिणेकडे काही तास गेले, की सुंदरबनचा खारा, दलदलीचा मुलूख लागतो. तिथली गॅरोल मेंढी जेमतेम १० ते १५ किलो वजनाची. मांसासाठी मेंढ्या निवडणारा तिच्याकडे पाठच फिरवील. तरीही मांसोत्पादनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण तिच्यापासूनच सुरू होते.

मांसाचा उतारा सहसा एकेका जनावरावरून मोजतात. २५ किलोच्या मेंढ्याचे सोललेले धड १२ किलो भरले, तर ड्रेसिंग टक्केवारी ४८. वाण, वय, लिंग, चारा, पोटातील चारापाणी, कत्तलीपूर्वीचा प्रवास अशा अनेक गोष्टींनी ती बदलते. परंतु मेंढपाळाचा हिशेब निराळा असतो : एका मेंढीमागे वर्षाकाठी किती किलो कोकरू हाती लागले? तिथे धडाच्या आकाराइतकेच कोकरांच्या संख्येलाही मोल येते.

१७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. त्यांचे रक्त तिथल्या कळपांत मिसळले. पुढे न्यू साउथ वेल्समधील ‘बुरूला’ नावाच्या मेंढवाड्यातील मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देण्याबद्दल प्रसिद्ध झाल्या. १९८०च्या सुमारास पायपर आणि बिंडन या संशोधकांनी यामागे एकच प्रभावी जनुक असावे, असे मांडले. २००१ साली तीन स्वतंत्र गटांना त्याचा उलगडा झाला : एका ग्राही प्रथिनातील २४९व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. २००२ साली हाच बदल गॅरोलमध्येही सापडला. जनुकाला नाव ऑस्ट्रेलियातल्या मेंढवाड्याचे मिळाले. मूळ मात्र बंगालचे.

महाराष्ट्रात या कथेचा पुढचा अध्याय फलटणला घडला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९९०च्या दशकात गॅरोल मेंढ्या आल्या. डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी दख्खनी मेंढीशी त्यांचा संकर केला. संकरित पिढ्यांचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी संयोग करून अंगकाठी दख्खनीची आणि जनुक गॅरोलचे, असा मेळ साधला. बांधेसूद बन्नूर मेंढीचे रक्तही त्यात घेतले. डोळ्यांना न दिसणारे हे जनुक कोणत्या कोकरात उतरले, हे डीएनए चाचणी सांगू लागली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली.

एरवी एकच कोकरू देणारी मेंढी या जनुकाच्या एका प्रतीमुळे बरेचदा जुळे देते. दोन प्रती असल्या तर तिळ्यांचा संभव वाढतो, आणि आईचे दूध व माळरानाचा चारा त्यांना पुरत नाही. जुळ्यांतले प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा हलके असते. दोघांचे मिळून वजन मात्र अधिक भरते, जर आईला पुरेसा खुराक मिळाला तर. त्या ‘जर’वरच सारे अवलंबून आहे. दुष्काळी पट्ट्यातील धनगर कुटुंब तीन-चार महिन्यांची कोकरे विकून घर चालवते. त्याच्या दृष्टीने मेलेले दुसरे कोकरू म्हणजे नफा नव्हे, वाया गेलेले आईचे दूध.

जनुक शक्यता देते. उतारा ठरवतो तो चारा, दूध आणि राखण. म्हणूनच दलदलीतल्या या खुज्या मेंढीचे मोल तिच्या धडावरून करू नये. असे वाण नोंद होण्याआधीच लुप्त झाले, तर काय गमावले हे कळायलाही वाव उरणार नाही.