सर्पगंधेची परीक्षा

भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रांत काम करणाऱ्या श्रोत्यांना दाब म्हणजे काय, हें सांगावयास नको. बॉयलरमधील वाफेचा दाब चढला कीं तबकडीवरील कांटा तत्काळ बोलतो. मनुष्यदेहाला असा कांटा नाहीं. रक्ताचा दाब वर्षानुवर्षें चढलेला असतो, माणूस जेवतो, हिंडतो, कचेरींत जातो. आणि पहिली वार्ता येते ती पुष्कळदां पक्षाघाताची किंवा हृदयविकाराची.

1896 सालीं रिवा-रोची या इटालियन डॉक्टरानें दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ति काढली. परंतु मोजलेला दाब उतरवावा कसा, हा प्रश्न पुढें अर्धशतक जवळजवळ तसाच राहिला. कोणी रुग्णास केवळ भात, फळें व साखर यांवर ठेवी, कोणी शस्त्रक्रिया करून मज्जातंतु कापी. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें वारले, त्या दिवशीं त्यांचा दाब 300 वर 190 भरला होता. निष्णात डॉक्टर ज्यांच्या दिमतीस होते त्यांची ही कथा. मग इतरांची काय सांगावी?

औषध आपल्याच रानांत होतें. सर्पगंधेचें मूळ सर्पदंशावर व उन्मादावर फार पूर्वींपासून देत. बिहारांत तर तें ‘पागल की दवा’ म्हणूनच विकलें जाई. 1931 सालीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्मादाप्रमाणेंच वाढलेल्या रक्तदाबावरही तें गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु त्यांच्या लेखाकडे पाश्चात्त्य जगाचें लक्ष गेलें नाहीं. (या वनस्पतीच्या शास्त्रीय नांवांत रावोल्फ नामक जर्मन वैद्याचें स्मरण आहे, त्या बिचाऱ्यानें ती कधीं पाहिलीही नव्हती!)

तें लक्ष वेधून घेतलें मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशीं संबंध असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञानें 50 रुग्णांवरील आपला अनुभव 1949 सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडला. “आमच्या पूर्वजांना हें ठाऊक होतें” असें म्हणून थांबणें सोपें होतें. वकिलांनीं मूळ दिलें, दाब मोजला आणि आंकडे परक्यांच्या परीक्षेस ठेवले. माझ्या मतें त्यांचा खरा पराक्रम हाच. पुढें 1952 सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें या मुळांतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें, आणि 1957 सालीं वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

तथापि आंकडा उतरला म्हणजे माणूस वांचला, हें अजून सिद्ध व्हावयाचें होतें. तें 1967 सालीं एडवर्ड फ्रीस यांच्या देखरेखीखालीं अमेरिकेंतील माजी सैनिकांवर झालेल्या प्रयोगानें दाखविलें. अतिशय दाब असलेल्या 143 पुरुषांपैकीं 73 जणांना औषधें दिलीं, 70 जणांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत 27 जणांवर गंभीर संकट कोसळलें, औषधें घेणाऱ्यांत अवघ्या दोघांवर. त्या औषधांत रेसर्पिन होतें, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे.

आणि तरीही तें मागें पडलें. मोठ्या मात्रेनें घेणाऱ्या कित्येकांना खिन्नता येई, नाक चोंदे, ग्लानि वाटे. ज्याला मुळांत कांहींच दुखत नाहीं, तो मनुष्य दुःख देणारी गोळी जन्मभर कशी घेईल? दरम्यान लघवीवाटे मीठ व पाणी काढणारीं, हृदयाचा वेग आवरणारीं, रक्तवाहिन्या सैल करणारीं औषधें आलीं. त्यांतील एका वर्गाची कल्पना ब्राझिलांतील एका सापाच्या विषावरून सुचली; सर्पाचा या रोगाशीं ऋणानुबंध दिसतो खरा!

आतां अडचण उलट झाली. पूर्वीं औषध नव्हतें, आतां निवड कोणाची करावी? 2002 सालीं अमेरिकेंत 33 हजारांहून अधिक लोकांवरील तुलनेचा निकाल आला. क्लोरथॅलिडोन हें जुनें, स्वस्त औषध हृदयाचे झटके टाळण्यांत नव्या, महाग ॲम्लोडिपिन व लिसिनोप्रिल यांच्या बरोबरीचें ठरलें. हृदय दुबळें पडण्याचे प्रसंग तर त्यानें अधिक टाळले. अर्थात मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण यांप्रमाणें डॉक्टराला निवड बदलावी लागते. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असें नाहीं.

2017 सालीं भारतांत रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभीं निवडले गेले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत दाब मोजावयाचा, ठरलेल्या मोजक्या गोळ्या ठरलेल्या क्रमानें द्यावयाच्या आणि रुग्ण पुन्हां आला कीं नाहीं हें पाहावयाचें, अशी ती पद्धति. त्या मोजक्या गोळ्यांत सर्पगंधा नाहीं.