मातीची पकड आणि औषधाची सुटका

रट्गर्स विद्यापीठातील सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयरोगावर गुणकारी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक. मग प्रश्न असा पडतो, की प्रतिजैविके बनवणारे जीव मातीतच राहत असतील, तर त्यांच्या शेजारचे जीवाणू मरून कसे जात नाहीत?

ही द्रव्ये मातीत अत्यल्प प्रमाणात बनतात, हा उत्तराचा एक भाग. दुसरा भाग १९५१ साली सिमिनॉफ आणि गॉटलीब यांनी पुढे आणला. मातीत मिसळलेले स्ट्रेप्टोमायसिन चिकणमातीचे कण पकडून ठेवतात आणि त्याचा प्रभाव उरत नाही.

ही पकड समजण्यासाठी माँटमोरिलोनाइट हे खनिज पाहू. आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती याच कुळातील खनिजांमुळे. वहीच्या पानांसारखे त्याचे थर असतात. प्रत्येक थर सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढाच जाड. थरांवर ऋण विद्युतभार असतो. तो सांभाळण्यासाठी सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन थरांच्या मध्ये बसतात. पाण्यात धनभारित होणारा औषधाचा रेणू आला, की तो या आयनांची जागा घेतो.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हे तपासले. स्ट्रेप्टोमायसिन, निओमायसिन यांसारखी धनभारित प्रतिजैविके घट्ट धरली जातात, तर ऋणभारित पेनिसिलिनला ही माती जवळ करत नाही, असे त्यांना आढळले. औषध थरांच्या मध्ये शिरल्याने थरांतील अंतर वाढते, हे क्ष-किरणांनी दाखवले.

वैद्यकात मात्र हा गुण प्रथम दोष म्हणूनच लक्षात आला. जुलाबावर केओलिन ही पांढरी माती देत असत. तिच्याबरोबर लिंकोमायसिन घेतले, तर ते रक्तात फारच कमी पोहोचते, असे १९६०च्या दशकात दिसून आले. रोग्याने औषध घेतले खरे, पण ते मातीनेच अडवले!

मग शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. माती औषध धरते, तर ते सावकाश सोडण्याचे कामही तिच्याकडून करून घेता येईल का? मॅकगिनिटी आणि लाक यांनी १९७७ साली माँटमोरिलोनाइटला बांधलेले एक औषध हळूहळू सुटते, असे दाखवले. शरीरातील द्रवांतले क्षार औषधाच्या आयनांना हटवून त्यांची जागा घेतात, हे या सुटकेमागील तत्त्व.

हॅलोसाइट या केओलिनच्या भावंडाचे थर नळीसारखे गुंडाळलेले असतात, हे १९५० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट झाले होते. प्राइस, गेबर आणि ल्वोव्ह यांनी २००१ साली या पोकळ नळ्यांत टेट्रासायक्लिन भरले. २००४ साली हिरड्यांच्या रोगासाठी अशा औषधाचे कुत्र्यांवरील प्राथमिक प्रयोग प्रसिद्ध झाले. औषध दुखऱ्या जागीच दीर्घकाळ झिरपत राहावे, हा त्यामागील हेतू.

याचा अर्थ शेतातली माती जखमेवर लावावी, असा मुळीच नाही. तिच्यात धनुर्वाताचे जीवाणू असू शकतात. औषधासाठी शुद्ध आणि निर्जंतुक केलेले खनिजच लागते.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. दोन परीक्षानळ्यांत थोडी मुलतानी माती घ्या. एकीत मिथिलीन ब्लूचे विरल द्रावण, दुसरीत इओसिनचे विरल द्रावण घाला. हलवून माती खाली बसू द्या. धनभारित निळा रंग माती ओढून घेते. ऋणभारित लाल रंग बराचसा पाण्यातच राहतो. आता निळ्या नळीत मीठ घालून पाहा. रंग फारसा सुटत नाही. औषध धरणे मातीला सहज जमते. योग्य वेळी, योग्य मात्रेत ते सोडायला लावणे, हे खरे अवघड काम आहे. कारण न सुटलेले औषध रोग्याच्या दृष्टीने न दिल्यासारखेच.