थंडीत रुसणारी मारुती ८०० : कार्ब्युरेटरच्या गाडीचे रोगनिदान

डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाड किंवा पुणे परिसरात पारा दहा अंशांखाली उतरला की जुन्या पेट्रोल गाड्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सेल्फला दाद देत नाही. एकदा कशीबशी सुरू झाली की दिवसभर विनातक्रार धावते. अशा वेळी अनेक जण प्रथम बॅटरी बदलतात, मग प्लग आणि अखेरीस कार्ब्युरेटर उघडून घेतात. पैसे खर्च होतात, दोष मात्र कायम राहतो. तपासणीचा क्रम नीट पाळल्यास हा खर्च बहुतेकदा टळतो.

डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेली मारुती ८०० हे याचे उत्तम उदाहरण. तिच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाला अनेक वर्षे कार्ब्युरेटरच होता. हौसेने जपलेल्या अशा गाड्या आजही दिसतात. जुनी ओम्नी, पद्मिनी किंवा पेट्रोलवरील अ‍ॅम्बेसेडर यांनाही पुढील तत्त्वे लागू पडतात.

थंडीत काय होते?

इंजिनात द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. तापलेल्या इंजिनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल पुरते. थंड इंजिनात मात्र पेट्रोलचा मोठा अंश वाफ न होता नळीच्या भिंतींना चिकटून राहतो आणि सिलिंडरमध्ये पोहोचणारे मिश्रण विरळ होते. ही उणीव चोक भरून काढतो. त्याची झडप हवा अडवते, त्यामुळे पेट्रोल अधिक खेचले जाते. इंजेक्शनच्या गाडीत हे काम संगणक करतो. येथे ते चालकाच्या हाती असते.

आधी कान, मग डोळे

सेल्फ मारताना इंजिन जड, संथ फिरत असेल तर दोष विजेच्या बाजूस शोधावा. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ चालू असताना हा आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी तपासून घ्यावी. मात्र त्याआधी टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी आणि सैल अर्थिंग पाहावे. अशक्त बॅटरी दुहेरी नुकसान करते. इंजिन हळू फिरते आणि कॉइलला अपुरा दाब मिळाल्याने ठिणगीही क्षीण होते.

इंजिन जोमाने फिरत असेल तर एअर फिल्टर काढून चोकची झडप पाहावी. डॅशबोर्डवरील दांडी ओढल्यावर ती पूर्ण मिटली पाहिजे आणि आत ढकलल्यावर पूर्ण उघडली पाहिजे. केबल ताणली किंवा गंजली असल्यास झडप अर्धवटच मिटते. अत्यंत स्वस्तात दुरुस्त होणारा हा दोष सर्वाधिक दुर्लक्षिला जातो.

प्लग कोरडा की ओला?

काही प्रयत्न फसल्यावर एक प्लग काढून पाहावा. टोक कोरडे असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. बरेच दिवस उभ्या गाडीत कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते. इंजिनावर चालणाऱ्या यांत्रिक पंपाला ती भरण्यास वेळ लागतो. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यास कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. ती दिसत नसल्यास वाटी, पंप, फिल्टर व नळ्या तपासाव्यात.

टोक पेट्रोलने ओले असेल तर ठिणगी दुबळी आहे किंवा चोकचा अतिरेक झाला आहे. चोक आत ढकलावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्थिर धरावा आणि मग सेल्फ मारावा. तरीही इंजिन पेटले नाही तर प्लग, पॉइंट, वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी पाहावी. मुंबई-कोकणात थंडी नसताना पावसाळ्यात हीच तक्रार उद्भवली, तर टोपीतील ओलावा हा पहिला संशयित मानावा.

गाडी सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर चोकसोबत वाढणारे आयडलिंग आणि कार्ब्युरेटरखालील गॅस्केटमधून शिरणारी हवा तपासावी.

इथेनॉलची भर

२०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ मध्ये हे उद्दिष्ट देशभर गाठले गेले. वाफ होण्यासाठी इथेनॉलला पेट्रोलपेक्षा अधिक उष्णता लागते. शिवाय त्यात स्वतःचा प्राणवायू असल्याने जुन्या मापाच्या जेटमधून मिळणारे मिश्रण आणखी विरळ ठरते. ते आपोआप सुधारण्याची सोय कार्ब्युरेटरमध्ये नाही. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही या इंधनाने लवकर खराब होऊ शकतो. नळीला चीर वा ओल दिसताच ती बदलावी. तेथे प्रश्न केवळ सुरू होण्याचा नसून आगीचा असतो.

हे टाळावे

सेल्फ सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये थोडी विश्रांती द्यावी. कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. पेट्रोल सांडलेले असताना ठिणगीची चाचणी घेऊ नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवणेही घातक आहे, कारण चोक ओढलेल्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड अधिक बाहेर पडतो आणि त्याला ना रंग असतो, ना वास. इंजिन सुरळीत चालू लागताच चोक हळूहळू आत ढकलावा. तो विसरल्यास पेट्रोल वाया जाते, प्लग काळवंडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा रुसते.