बलुतेदारांचा संगणक

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली शेती कुण्या एकट्या शेतकऱ्याने कधीच केली नाही. वखराची पास लोहाराने पाजवायची, तिफण सुताराने दुरुस्त करायची, चामड्याची मोट चांभाराने सांधायची. मिरगाच्या आत ही कामे व्हायची आणि खळ्यावर ज्याचे त्याला बलुते मोजून मिळायचे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, ती मोडली हे चांगलेच झाले. पण अवजार दुसऱ्याच्या हातचे असते आणि त्याची निगा हंगामाआधी राखावी लागते, हे शहाणपण तिच्यात होते. संगणकाचा इतिहास वाचताना मला हा गावगाडा वारंवार आठवतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली उभी करायला घेतली. तिच्याच वळणावर १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केली. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही आज लिनक्सच आहे. पण कार्यप्रणाली म्हणजे नुसती जमीन. अक्षरे दाखवणारा फाँट, पासवर्ड कुलूपबंद ठेवणारा प्रोग्राम, फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम ही अवजारे बाहेरचीच माणसे घडवतात. पूर्वी ती ज्याची त्याने आणायची आणि जुळवायची. एक बदलले की दुसरे बंद पडायचे.

यावर तोड निघाली ती नव्वदच्या दशकात. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले. १९९४ मध्ये जॉर्डन हबर्ड यांनी फ्रीबीएसडी या युनिक्सच्या भावंडासाठी ‘पोर्ट्स’ नावाचा संग्रह मांडला. कल्पना साधी होती. प्रत्येक सॉफ्टवेअरला एक राखणदार नेमायचा. त्याने नवी आवृत्ती पारखायची, कशाला काय लागते ते लिहून ठेवायचे आणि मगच ती यादीत घ्यायची. १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर ‘ॲप्ट’ हे साधन आले. एका आज्ञेने यादी ताजी करायची, दुसऱ्या आज्ञेने अवजारे बदलायची. महिन्याचे काम मिनिटांवर आले.

आपल्या मराठीलाही या निगेची गरज पडली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केले, म्हणून लिनक्सवर मराठी नीट दिसू लागली. पुढे २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली. मात्र ज्याचा फाँट जुना, त्याच्या पडद्यावर त्या जागी रिकामी चौकट उमटे. आम्हा लिहिणाऱ्यांना एकेक अक्षर मोलाचे. कागदावर अक्षर असावे आणि वाचणाऱ्याला ते दिसूच नये, यापेक्षा वेगळे मुकेपण कोणते?

चौकट निदान डोळ्यांना दिसते. काही भोके दिसत नाहीत. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये २०१२ साली एक चूक शिरली. ती ‘हार्टब्लीड’ या नावाने ७ एप्रिल २०१४ रोजी उघडकीला आली. तिच्यातून सर्व्हरच्या स्मृतीतले पासवर्डही वाचता येत होते. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी निघाली, पण ज्यांनी ती घेतली नाही त्यांचे दार उघडेच राहिले. मोठमोठ्या कंपन्या ज्यावर विसंबून होत्या, त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर! बलुतेदार राबत होता आणि खळ्यावर कुणी त्याला ओळखही देत नव्हते.

२०२४ मध्ये याची पुढची पायरी दिसली. फाइल दाबणारे ‘एक्सझेड’ हे सॉफ्टवेअर मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आले, दोनेक वर्षे इमानाने काम केले, विश्वास कमावला आणि नव्या आवृत्तीत चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच खटकले. त्याने माग काढला आणि २९ मार्चला जगाला सावध केले. डेबियनच्या स्थिर शाखेत ती आवृत्ती पोहोचलीच नव्हती, कारण तिथे नवे अवजार पारखल्याशिवाय घेत नाहीत.

जुने अवजार दगा देते आणि न पारखलेले नवेही देते, असे हा इतिहास सांगतो. तेव्हा फोनने दुरुस्तीची आठवण केली की ‘नंतर’ म्हणून ढकलू नका, आणि अनोळखी ठिकाणाहून काही उतरवूनही घेऊ नका. आणि ज्या शाळा, बँका, कचेऱ्या या फुकटच्या अवजारांवर चालतात, त्यांनी ती घडवणाऱ्यांच्या पदरात पायलीभर तरी घालावे. लोहाराची भट्टी विझली तर मिरगात वखर बोथटच राहणार.